गारगोटी, स्फटिक की काच? क्वार्ट्झचं क्लस्टर ओळखायचं, घ्यायचं आणि जपायचं कसं

बेसा, पिपळा, मनीषनगर या भागात सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखादा पाया खोदलेला असतो आणि शेजारी गिट्टीचा ढीग पडलेला असतो. त्या काळ्या गिट्टीत कधीकधी एखादा तुकडा उन्हात चमकतो. उलटा करून पाहिला तर आत साखरेसारखे बारीक, टोकदार खडे. फोटो ग्रुपवर टाकला की दहा मिनिटांत चार उत्तरं येतात: हिरा, काच, तुरटी, स्फटिक. हिरा तर तो नक्कीच नसतो. बहुतेक वेळा ते क्वार्ट्झ असतं, नाहीतर क्वार्ट्झच्या शेजारी वाढणारं एखादं दुसरं खनिज.

दुसरीकडे हीच वस्तू इन्स्टाग्रामवर ‘क्रिस्टल क्लस्टर’ म्हणून विकली जाते. कोणी किलोने विकतं, कोणी ग्रॅमने, आणि सोबत ‘एनर्जी’ फुकट. खिशातले पैसे घालवण्याआधी ही वस्तू काय आहे, कुठून येते आणि तिची किंमत कशावर ठरते हे समजून घ्यायला हवं.

क्लस्टर म्हणजे काय

क्वार्ट्झ म्हणजे सिलिका: एका सिलिकॉनमागे दोन ऑक्सिजन. पृथ्वीच्या कवचात सगळीकडे सापडणारं हे खनिज. नदीच्या रेतीतही मोठा वाटा त्याचाच. आपल्याकडे त्याला नावं भरपूर आहेत. पांढरा, अपारदर्शक गोटा म्हणजे गारगोटी. पाण्यासारखा स्वच्छ असेल तर स्फटिक. जांभळा असेल तर जमुनिया, म्हणजेच अ‍ॅमेथिस्ट. ज्यात कण डोळ्यांना दिसतच नाहीत असा पट्ट्यापट्ट्यांचा दगड म्हणजे अकीक. रासायनिकदृष्ट्या हे सगळं एकच कुटुंब.

क्लस्टर म्हणजे एकाच पायावर, एकमेकांना खेटून वाढलेल्या स्फटिकांचा गुच्छ. प्रत्येक स्फटिकाला सहा बाजूंचा दांडा आणि वर टोक. टोकावर सहा बाजू दिसतात, पण नीट पाहिलं तर बऱ्याचदा तीन मोठ्या आणि तीन लहान असतात. दांड्यावर आडव्या बारीक रेषा दिसतात. या आडव्या रेषा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

रंग येतो तो अगदी थोड्या भेसळीमुळे. लोहाचे अणू आणि आजूबाजूच्या खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळून जांभळा रंग होतो. अ‍ॅल्युमिनियम आणि किरणोत्सर्ग मिळून धुरकट तपकिरी. दुधाळपणा बहुधा आत अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांमुळे असतो.

आपल्या दगडात हे कसं होतं

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. हाच दख्खनचा बेसॉल्ट. आज त्याने जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर जागा व्यापलेली आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले. कुठे वाटाण्याएवढ्या पोकळ्या उरल्या, कुठे माणूस वाकून आत शिरेल एवढ्या.

नंतर या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं, अनेकदा गरम. आधी भिंतीवर अकिकासारखा पातळ थर बसला. मग त्या थरावर क्वार्ट्झचे स्फटिक उभे राहिले, टोकं पोकळीच्या आतल्या बाजूला. मग बऱ्याच ठिकाणी वर झिओलाइट गटातली खनिजं आली: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट. त्यांच्या जोडीला अ‍ॅपोफिलाइट आणि कॅल्साइट. हा क्रम सगळीकडे सारखा नसतो, पण एक गोष्ट पक्की. स्फटिकाला टोक यायचं तर त्याला मोकळी जागा हवी. जागा नसेल तर तेच सिलिका नुसती पांढरी गारगोटी होऊन बसते.

नागपूर या बाबतीत मजेशीर ठिकाणी आहे. शहराच्या पश्चिमेकडे दख्खनचा बेसॉल्ट आहे, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने नाइससारखे खडक येतात. म्हणजे पश्चिमेच्या खदानीत पोकळीतलं क्वार्ट्झ मिळण्याची शक्यता, आणि रामटेक, भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत पांढऱ्या गारगोटीच्या शिरा. पण इथे दख्खनच्या थरांची पूर्वेकडची कड येते, थर पातळ होत जातात. मोठमोठे, संग्रहालयात ठेवण्याजोगे नमुने आले ते मुख्यतः पश्चिमेकडून: जळगाव, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, पुणे या जिल्ह्यांतल्या विहिरी आणि खदानींतून. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खदानींतलं निळं कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना नावानिशी माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुणे रेल्वेसाठी भोर घाट फोडला तेव्हाही असे नमुने निघाले आणि युरोपातल्या संग्रहांत गेले.

हे सगळं एका छताखाली बघायचं असेल तर नाशिक जिल्ह्यात सिन्नरला ‘गारगोटी’ संग्रहालय आहे. नौदलात काम केलेले के. सी. पांडे यांनी ते २००१ मध्ये उभं केलं. ऑनलाइन काहीही विकत घेण्याआधी एकदा तिथे जाऊन या. खरा नमुना किती चमकतो आणि किती चमकत नाही, हे डोळ्यांना एकदा कळलं की निम्मी फसवणूक तिथेच टळते.

ब्राझीलच्या दक्षिणेतून आणि उरुग्वेतून येणारे जांभळे, कपाटाएवढे पोकळ दगड तुम्ही हॉटेलच्या लॉबीत पाहिले असतील. तेही बेसॉल्टच्याच पोकळीतले. तो लाव्हा आपल्यापेक्षा जुना, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा. भारतीय दुकानात ‘हिमालयन क्वार्ट्झ’ म्हणून मिळतं ते मात्र वेगळं. हिमाचलमधल्या कुल्लू-मणिकरण भागातले हे स्फटिक डोंगराच्या भेगांमध्ये वाढलेले असतात.

मग फोनमध्ये हेच क्वार्ट्झ असतं का?

खनिज तेच, पण डोंगरातून आलेलं नाही. १८८० मध्ये पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी दाखवलं की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार तयार होतो. उलटंही होतं: वीज दिली की स्फटिक किंचित आकार बदलतो. नीट कापलेला तुकडा सर्किटमध्ये बसवला की तो ठरलेल्या वेगाने थरथरतो. घड्याळातला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो २ चा १५ वा घात आहे. १५ वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. पहिलं क्वार्ट्झ घड्याळ १९२७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये झालं, आणि हातावरचं पहिलं क्वार्ट्झ घड्याळ सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ ला विकायला आणलं. बहुतेक फोनमध्ये वेळेसाठी आणि नेटवर्कचे सिग्नल जुळवण्यासाठी असे स्फटिक अजूनही असतात.

फक्त ते कारखान्यात वाढवलेले असतात. जाड पोलादी भांड्यात, प्रचंड दाबाखाली, साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेल्या क्षारयुक्त पाण्यात आठवडेच्या आठवडे. नैसर्गिक स्फटिक बाहेरून कितीही देखणा असला तरी आत बऱ्याचदा दोन स्फटिक एकमेकांत मिसळून वाढलेले असतात, आणि इलेक्ट्रॉनिक्सला ते चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र रेडिओसाठी ब्राझीलचे नैसर्गिक स्फटिकच निवडून कापले जात होते.

‘फोन क्वार्ट्झवर चालतो, म्हणून क्वार्ट्झमध्ये एनर्जी असते’ हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य. फोन बॅटरीवर चालतो. क्वार्ट्झ त्याला ताल देतं. शेल्फवर ठेवलेल्या क्लस्टरवर कोणी दाब देत नाही, त्याला वीज जोडलेली नाही, म्हणून ते काहीच करत नाही. देवघरात स्फटिकाचं शिवलिंग किंवा माळ ठेवायची असेल तर ती तुमची श्रद्धा, त्यावर बोलायचं कारण नाही. पण आजार बरा करण्यासाठी कोणी दगड विकत असेल तर ते पैसे डॉक्टरकडे न्या.

खरं की बनावट, घरच्या घरी

सगळ्यात आधी बाजू मोजा. महाराष्ट्रात ‘क्लिअर क्वार्ट्झ’ म्हणून विकले जाणारे कितीतरी गुच्छ मुळात अ‍ॅपोफिलाइट असतात. तेही स्वच्छ, तेही टोकदार, आणि काही वेळा क्वार्ट्झपेक्षा जास्त देखणे. पण त्याचं टोक चार बाजूंचं असतं, दांड्यावरच्या रेषा उभ्या असतात. क्वार्ट्झच्या आडव्या, हे वर आलंच आहे. अ‍ॅपोफिलाइट मऊ असतं, सहज तडकतं. फोनचा मॅक्रो कॅमेरा आणि बाजूने तिरका टॉर्च एवढ्यावर हे काम होतं. सरळ वरून फ्लॅश मारला तर रेषा दिसणार नाहीत.

कडकपणाची चाचणी सगळ्यांना माहीत असते: क्वार्ट्झ ७, साधी काच साडेपाचच्या आसपास, म्हणून क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतं. तुमच्या फोनच्या स्क्रीनवरचे ओरखडे बहुतेकदा यामुळेच येतात. नाणं किंवा किल्ली काचेपेक्षा मऊ असते, पण खिशातली रेती क्वार्ट्झची असते. चांगल्या नमुन्यावर मात्र ही चाचणी करू नका, टोक तुटलं तर किंमत तिथेच गेली. फारच शंका असेल तर खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी सुरीचं टोक हलकेच फिरवा. क्वार्ट्झवर ओरखडा पडत नाही, उलट पोलादाची करडी रेघ उमटते आणि ती पुसून निघते. कॅल्साइट असेल तर लगेच चरा पडतो.

काच आणि क्वार्ट्झ वेगळं करायला एक युक्ती आहे आणि त्याला लॅपटॉप पुरतो. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरा आणि स्क्रीन काळी दिसेपर्यंत हळूहळू फिरवा. आता स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये पारदर्शक खडा धरून वळवत राहा. काच काळीच राहते. क्वार्ट्झ उजळतं, आणि पातळ कडांवर रंगीत पट्टे दिसतात. एखाद्या बाजूने नाही दिसलं तर दुसऱ्या बाजूने धरा. एक अडचण आहे: साच्यातलं प्लास्टिकही असे रंग दाखवतं. पण प्लास्टिक हातात हलकं आणि कोमट लागतं, क्वार्ट्झ जड आणि गार. स्फटिक माळेचे मणी तपासायलाही ही युक्ती चालते. शिवाय मण्यात भिंगाने पाहिल्यावर गोल बुडबुडे दिसले तर ती काच.

आता बनवेगिरीचे प्रकार. तुरटीचे खडे घरी वाढवता येतात. त्यात रंग घालून ‘क्रिस्टल’ म्हणून विकतात. ओल्या बोटाने चोळलं की बोट चिकट होतं आणि चमक जाते. इंद्रधनुषी झळाळीचं ‘ऑरा क्वार्ट्झ’ खरं क्वार्ट्झच असतं, पण निर्वात भांड्यात त्याच्यावर टायटॅनियम किंवा सोन्यासारख्या धातूच्या वाफेचा थर चढवलेला असतो. गडद गुलाबी आणि निळ्या अकिकाच्या चकत्या जवळपास सगळ्याच रंगवलेल्या. बाजारातलं पिवळं सिट्रिन बहुतांशी भाजलेलं अ‍ॅमेथिस्ट असतं: बुडाला पांढरं, टोकाला विटकरी-नारिंगी. यातलं काहीही विकणं गुन्हा नाही, सांगून विकलं तर. न सांगता नैसर्गिक म्हणून विकलं तर ती फसवणूक.

सगळ्यात कठीण पकडायला म्हणजे चिकटवलेलं क्लस्टर. स्फटिक खरे, पाया खरा, पण तुटलेले स्फटिक गोंदाने बसवलेले. खऱ्या गुच्छात स्फटिक एकमेकांत शिरलेले असतात, बुडाशी अकिकाचा किंवा बेसॉल्टचा थर दिसतो. चिकटवलेल्यात बुडाशी फट, वाळूची भर किंवा नको तिथे चकाकी. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात मारा. बरेचसे गोंद निळसर-पांढरे उजळतात.

म्हणून विक्रेत्याकडे फोटोपेक्षा व्हिडिओ मागा: दिवसाच्या उजेडात, हातात धरून फिरवलेला, खालची बाजू दाखवणारा. माप सेंटिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या, कारण क्लोजअपमध्ये नखाएवढा तुकडा मुठीएवढा दिसतो. ‘रंग दिलाय का, तापवलाय का, जोडलाय का’ हे चॅटवर लेखी विचारा. उत्तर टाळलं तर तेच उत्तर.

किलोचा भाव नावाचा काही प्रकार चांगल्या नमुन्याला नसतो. टोकं शाबूत आहेत का, चमक किती, स्फटिकांची मांडणी कशी, सोबत दुसरं कोणतं खनिज आहे, आणि कुठून आलं हे माहीत आहे का, यावर किंमत ठरते. एक टोक तुटलेला मोठा गुच्छ हा अख्ख्या छोट्या गुच्छापेक्षा स्वस्त जाऊ शकतो. आपल्याकडच्या नमुन्यांत नुसत्या क्वार्ट्झपेक्षा क्वार्ट्झच्या पलंगावर बसलेलं स्टिल्बाइट किंवा अ‍ॅपोफिलाइट जास्त मानाने बघितलं जातं. दरवर्षी अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनला भरणाऱ्या खनिजांच्या बाजारात महाराष्ट्रातले नमुने असतातच.

चिठ्ठी नसेल तर तो नुसता दगड

संग्राहक आणि भूशास्त्रज्ञ दोघंही आधी एकच विचारतात: कुठला? ठिकाण माहीत नसलेला नमुना शोभेची वस्तू होतो. त्यातून त्या खडकाबद्दल काही सांगता येत नाही, आणि ठिकाण एकदा हरवलं की नंतर कुठल्याही प्रयोगशाळेत ते खात्रीने परत मिळत नाही. विहीर बुजते, खदानीत पाणी भरतं, मग तो नमुना हाच त्या जागेचा उरलेला पुरावा असतो.

बेसाच्या गिट्टीची गंमत इथेच आहे. दगड सापडला बेसात, पण गिट्टी आली खदानीतून, क्रशरमधून. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘बेसा’ लिहिणं चूक. ट्रकवाल्याला किंवा सुपरवायझरला विचारा, माल कुठल्या खदानीचा. कळलं तर ते लिहा. नाही कळलं तर ‘बेसा येथील बांधकामावरील गिट्टीत सापडला, मूळ खदान अज्ञात’ असं लिहा. हे लांबलचक वाटेल, पण खरं आहे. पाया खोदताना जागेवरच्या खडकातून निघालेला असेल तर मात्र ‘बेसा’ बरोबर, आणि साधारण किती फुटांवर निघाला तेही टाका.

फोन इथे खरा उपयोगी. उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून, शेजारी नाणं ठेवून. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोतून लोकेशनची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फोटो जपा. घरी आल्यावर दगडाच्या खाली छोटा नंबर लिहा आणि तोच नंबर नोट्समध्ये टाकून तारीख, ठिकाण, कोणाकडून मिळाला हे लिहा. खनिजाचं नाव शोधायला माइंडॅट ही साइट चांगली, ठिकाणानुसार खनिजांची यादी मिळते. कॅमेऱ्याने दगड ओळखणारी अ‍ॅप मात्र काच, क्वार्ट्झ आणि कॅल्साइट यात सर्रास गोंधळतात. त्यांना कडकपणा कळत नाही, वजन कळत नाही. अडलंच तर नागपूर विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागातल्या कोणाला तरी गाठा.

उचलायचं कुठून नाही

खदानीत परवानगीशिवाय जाऊ नका, सुट्टीच्या दिवशी तर नाहीच. सुरुंगाने सैल झालेली भिंत कधी खाली येईल सांगता येत नाही. बांधकामावरचा दगडही विचारूनच घ्या. कोणी हसेल, पण देईल.

खनिज काढून विकणं हा वेगळा विषय, त्याला सरकारी परवाना लागतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने क्वार्ट्झ, अकीक, कॅल्साइट अशी ३१ खनिजं ‘गौण खनिज’ ठरवून राज्यांकडे दिली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यातलं क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक आणि बराइट ही चार पुन्हा ‘प्रमुख खनिज’ यादीत गेली. कारण लिथियमसारखी महत्त्वाची खनिजं काही ठिकाणी यांच्याच सोबत खडकात सापडतात. देशभरच्या खाणींचा हिशोब ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरातच आहे.

नागपूरकरांनी आणखी एका जागी हात आवरायला हवा. काटोल रोडच्या बाजूला माहुरझरी नावाचं गाव आहे. तिथे महापाषाण काळातली शिळावर्तुळं आहेत, आणि नंतरच्या काळात मणी बनवायचा मोठा उद्योग होता. अकीक, कार्नेलियन, स्फटिक, जमुनिया अशा दगडांचे मणी तिथे घडवले, भोकं पाडून घासले गेले. १९७० ते ७२ मध्ये शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झालं. शेतात अजूनही फुटके मणी आणि छिलके दिसतात. ते छान दिसतात म्हणून खिशात टाकायचे नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, आणि मणी कुठे पडलाय यावरूनच कारागिराचं काम कुठे चालायचं हे कळतं. फोटो काढा, जागेवर ठेवा.

धुणं, ठेवणं

कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि जुना मऊ टूथब्रश. एवढं पुरे. वर झिओलाइट किंवा कॅल्साइट असेल तर आधी ओळखून घ्या, कारण लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर लावला तर क्वार्ट्झ राहील आणि वरचं खनिज विरघळेल. तांबूस डाग काढायला व्यापारी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरतात. ते विषारी आहे, घरात नको. उकळत्या पाण्यात किंवा फ्रीजरमध्ये टाकायचा प्रयोग करू नका, तडे जातात.

जमुनिया उन्हाच्या खिडकीत ठेवला की वर्षानुवर्षांत रंग फिका पडत जातो, आणि नागपूरच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. पारदर्शक गोल स्फटिक तर उन्हात ठेवूच नका, तो भिंगासारखा ऊन एका जागी गोळा करतो आणि खालचा पडदा किंवा कागद पेटू शकतो.

दगड कापायचा, घासायचा मोह झाला तर थांबा. सुक्या क्वार्ट्झची धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. गुजरातमध्ये खंबातला अकीक घासणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार वर्षानुवर्षं नोंदवला गेला आहे. घरच्या ग्राइंडरवर, तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही. ज्याच्याकडे पाण्याखाली कापायचं यंत्र आणि योग्य मास्क आहे त्याच्याकडूनच कापून घ्या, नाहीतर आहे तसाच ठेवा. क्लस्टरची किंमत तशीही न घासलेल्या टोकांना असते.